वाशिम जिल्ह्यातील घरमालक, भाडे आणि कर : डागडुजीच्या खर्चाचा ऐतिहासिक मागोवा

बीजशब्द : वऱ्हाड, भाडेनियंत्रण, वार्षिक भाडेमूल्य, मालमत्ता कर, नझूल, डागडुजी

प्रस्तावना

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कापूस, सावकारी आणि जमीनमहसूल या तीन विषयांभोवती झालेले आहे. शेतीतील कूळ आणि जमीनमालक यांच्या संबंधांवर विपुल लिहिले गेले. परंतु शहरातील भाडेकरू आणि घरमालक यांच्या संबंधांकडे अभ्यासकांचे तितकेसे लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड यांसारख्या गावांत वाड्याच्या दोन खोल्या किंवा रस्त्याकडेची एखादी दुकानाची खोली भाड्याने देणे हा अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग राहिलेला आहे. निवृत्त शिक्षक, विधवा स्त्री, शेती सांभाळत गावात घर राखणारे कुटुंब अशी माणसे या व्यवहारात मालक म्हणून आढळतात. ‘घरमालक’ या शब्दाने डोळ्यांसमोर उभे राहणारे धनिकाचे चित्र येथे फारसे उपयोगी नाही.

या प्रदेशातील जुने घर हे दरवर्षी खर्च मागणारे घर होते. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब व तुळया, वर धाबे किंवा कवेलूंचे छप्पर ही त्याची सर्वसाधारण रचना. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देणे, भिंतीचे पोपडे लिंपणे ही कामे एक वर्ष टाळली तर दुसऱ्या वर्षी दुप्पट होतात आणि तिसऱ्या वर्षी तुळई कुजते. कायद्याने मात्र हा खर्च प्रत्यक्षात किती झाला असे सहसा विचारले नाही. त्याने भाड्याचा एक अपूर्णांक ठरवून दिला आणि तोच डागडुजीचा खर्च मानला. भाडे गोठलेले असेल तर त्याचा अपूर्णांकही गोठतो. या साध्या गणिताचा परिणाम विदर्भातील जुन्या घरांवर कसा झाला, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

भाडेव्यवहाराची पार्श्वभूमी

वाशिम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड ब्रिटिशांच्या व्यवस्थेखाली आले. त्या काळातील कागदपत्रांत ‘बासिम’ या नावाने येणारा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन करण्यात आला आणि पुढे १ जुलै १९९८ रोजी आजचा वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. मधल्या नऊ दशकांहून अधिक काळ येथील नागरिकांचे जिल्हा मुख्यालय अकोला हे होते. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

व्यापारी भाडेव्यवहाराच्या दृष्टीने कारंजाचे स्थान अधिक जुने आहे. येथील कापूस बाजार १८८६ मध्ये नियंत्रित करण्यात आला आणि भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजार आला म्हणजे अडत्यांना गाळे, मालाला गोदामे आणि मुनीम-हमालांना खोल्या लागतात. भाडे हे बाजाराच्या पाठोपाठ येते. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंदमापी रेल्वे कारंज्यावरून गेली. लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून ओळखलेल्या या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे आणि गाडी चालविण्याचे काम आधी जीआयपी व नंतर मध्य रेल्वेकडे, अशी व्यवस्था स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. मालक एक, वापरणारा दुसरा आणि देखभालीचा भार कोणाचा हे अधांतरी, असे हे विलक्षण उदाहरण आहे. घराच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही मोठी प्रतिकृती म्हणता येईल.

१९४९ चा आदेश

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई निर्माण झाली. त्यातून देशभर भाडेनियंत्रणाचे कायदे आले. मुंबई प्रांतात १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे अधिनियम झाला. विदर्भात मात्र तो कधीच लागू नव्हता, हे अनेकदा विसरले जाते. येथे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड निवासस्थाने भाड्याने देण्याबाबत विनियमन अधिनियम, १९४६’ खाली काढलेला १९४९ चा घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश अमलात होता. १९५० मध्ये प्रांताचे मध्यप्रदेश राज्य झाले, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला. राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या. आदेश तोच राहिला. एक प्रशासकीय आदेश अर्धशतक टिकावा ही भारतीय विधी-इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

या आदेशाचे मर्म खंड १३ मध्ये होते. भाडेनियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय मालकाला भाडेकरूस भाडेपट्टा संपुष्टात आणण्याची नोटीसच देता येत नसे. तीन महिन्यांचे भाडे थकणे, नेहमीच भाडे थकविणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःच्या वास्तव्यासाठी घराची खरी गरज असणे, घर रिकामे केल्याखेरीज करता न येणारी अत्यावश्यक दुरुस्ती ही परवानगीची प्रमुख कारणे होती. परवानगी मिळाली म्हणजे घर मिळाले असे नव्हे. नियंत्रक हा महसुली अधिकारी. त्याच्या निर्णयावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे १९९८ पर्यंत अकोल्यास. ते संपल्यावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली नोटीस आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयात दावा. एका खोलीसाठी दोन स्वतंत्र लढाया लढाव्या लागत. पैनगंगा ओलांडून हिंगोलीकडे गेले की १९५४ चा हैदराबाद घरे भाडेनियंत्रण कायदा लागू होई आणि तेथे नियंत्रकच घर रिकामे करून देण्याचा आदेश देऊ शके. नदीच्या अलीकडील आणि पलीकडील दोन घरमालकांची भाषा, पीक आणि बाजार सारखेच. न्याय मागण्याचा मार्ग मात्र वेगळा.

आदेशाचा आणखी एक भाग आज विस्मृतीत गेला आहे. घर रिकामे झाले की मालकाने त्याची माहिती प्रशासनास द्यावी आणि प्रशासनाने ते शासकीय कर्मचारी वा विस्थापित यांच्यासारख्या गरजूंना द्यावयास सांगावे, अशी त्यात तरतूद होती. फाळणीनंतरच्या परिस्थितीत ती समर्थनीय होती. भाड्याचा न्याय्य दरही युद्धपूर्व काळातील, म्हणजे १९४० च्या सुमाराच्या दरांचा आधार घेऊन ठरविला जाई. भाडेकरूच्या बाजूने पाहिल्यास या संरक्षणाचे मोल फार मोठे आहे. बदली होऊन आलेला प्राथमिक शिक्षक, बाजारातील मापाडी, छोटा शिंपी यांना उद्या घर जाईल या भीतीतून या आदेशाने सोडविले. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न हा आहे की, हे संरक्षण देताना भिंतीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला गेला.

नगरपरिषदेचा दशांश

विदर्भातील नगरपालिका प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम, १९२२ खाली आणि नंतर महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ खाली चालल्या. १९६५ च्या कायद्यात मालमत्ता कराची आकारणी ज्या करयोग्य मूल्यावर होते, ते मूल्य काढण्याची रीत सोपी आहे. इमारत वर्षभर भाड्याने दिल्यास वाजवीपणे किती भाडे येईल ते धरावयाचे आणि त्यातून दहा टक्के वजा करावयाचे. ही वजावट दुरुस्तीसह सर्व सबबींच्या बदल्यात असते. इमारत पक्की सिमेंटची असो वा शंभर वर्षांची मातीची, दशांश तोच. मातीच्या घराला दशांश पुरत नाही हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही, गवंडी सांगेल.

‘वाजवीपणे अपेक्षित भाडे’ म्हणजे बाजारभाव की नियंत्रित भाडे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. देवान दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका समिती (१९७९) या प्रकरणात न्यायालयाने असे स्पष्ट केले की, जेथे भाडेनियंत्रण लागू आहे तेथे प्रमाणित भाड्यापेक्षा अधिक भाडेमूल्य धरता येणार नाही. मालकाला जे भाडे कायद्याने घेता येत नाही त्यावर कर कसा लावावयाचा, हा त्यामागील युक्तिवाद निर्दोष आहे. मालकाला दिलासा मिळाला, परंतु गोठलेल्या भाड्याबरोबर नगरपरिषदेचे उत्पन्नही गोठले. जकातीच्या नाक्यावर पैसा येत होता तोवर ही उणीव कोणाला जाणवली नाही.

भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा कर भरण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची असते. मालकाने तो भरला नाही आणि भाडेकरूला भरावा लागला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार भाडेकरू ती रक्कम भाड्यातून वळती करून घेऊ शकतो. याखेरीज १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आला. पुढे रोजगार हमी उपकर बिगरनिवासी इमारतींवर बसला. एकाच देयकावर तीन-चार ओळी छापल्या जाऊ लागल्या.

वऱ्हाडात यात आणखी एका ओझ्याची भर पडते, ती नझुलाची. नागपूर आणि अमरावती विभागांतील अनेक जुन्या वस्त्यांत इमारत मालकाची परंतु जमीन शासनाची, पट्ट्याने दिलेली, अशी स्थिती आहे. अशा घरमालकाला वर भाडेकरूकडून भाडे मिळते आणि खाली शासनाला भुईभाडे द्यावे लागते. पट्ट्याचे नूतनीकरण आणि त्या वेळी होणारी भुईभाड्याची फेरआकारणी हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. वरचे भाडे नियंत्रित आणि खालचे भाडे वाढते अशी ही मधली माणसे होत.

आयकरातील षष्ठांश ते तीस टक्के

नगरपरिषद दशांश देत असताना आयकराचा हिशेब निराळा होता. १९२२ च्या भारतीय आयकर अधिनियमात घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी एक षष्ठांश वजा होत असे. १९६१ च्या अधिनियमाने तीच परंपरा चालू ठेवली आणि तिच्याबरोबर विम्याचा हप्ता, भुईभाडे, कर्जावरील व्याज, भाडेवसुलीचा मर्यादित खर्च, घर रिकामे राहिल्याबद्दलची सूट अशा स्वतंत्र वजावटींची यादी दिली. कालांतराने षष्ठांशाचा पंचमांश आणि मग चतुर्थांश झाला. वित्त अधिनियम, २००१ ने ही यादीच मोडीत काढली. करनिर्धारण वर्ष २००२-०३ पासून वार्षिक मूल्याच्या सरसकट ३० टक्के आणि कर्जावरील व्याज एवढ्या दोनच वजावटी उरल्या. मालकाने प्रत्यक्ष भरलेला नगरपरिषदेचा कर तेवढा आधी वजा होतो. थकविलेला होत नाही. आयकर अधिनियम, २०२५ नेही ३० टक्क्यांची हीच रीत कायम ठेवली आहे.

ही सुधारणा सुटसुटीतपणाच्या नावाखाली स्वागतार्ह ठरली आणि नव्या सदनिकेच्या मालकाला ती लाभदायकच आहे. भिंतीला तडा नसला तरी त्याला ३० टक्के मिळतात. वाशिम किंवा कारंजा येथील नझूल जमिनीवरील जुन्या वाड्याच्या मालकाची बाब उलट आहे. पूर्वी त्याला दुरुस्तीच्या अपूर्णांकाशिवाय भुईभाड्याची आणि विम्याची वेगळी वजावट मिळत होती. ती आता त्याच ३० टक्क्यांत विरघळली. त्याने एखाद्या वर्षी तुळई बदलण्यासाठी वर्षभराच्या भाड्याहून अधिक खर्च केला, तरी रोखीच्या पावत्यांना आयकरात किंमत नाही. व्यापाऱ्याला त्याच्या दुकानाच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च नफ्यातून वजा करता येतो, घर भाड्याने देणाऱ्याला येत नाही. हा भेद कायद्याने जाणीवपूर्वक केलेला आहे आणि तो छोट्या मालकाला समजावून सांगणे कठीण जाते.

तीन वर्षांतील चार घटना

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशाच्या बाबतीत एक योगायोग घडून आला. १९९८ मध्ये वाशिम जिल्हा झाला. जिल्हा झाला की कार्यालये, कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे ओघाने येतात आणि घरांची मागणी वाढते. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रांतील जकात रद्द झाली आणि स्वतःच्या उत्पन्नाचे साधन म्हणून मालमत्ता कराचे महत्त्व एकाएकी वाढले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि मुंबईचा १९४७ चा, मराठवाड्याचा १९५४ चा व विदर्भाचा १९४९ चा असे तिन्ही भाडेकायदे इतिहासजमा झाले. चौथी घटना २००१ च्या वित्त अधिनियमाची, जिचा उल्लेख वर आलाच आहे.

नव्या भाडे कायद्यामागे न्यायालयाचाही रेटा होता. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातील १९४० च्या पातळीवर भाडे गोठविण्याची पद्धत काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे मत नोंदविले होते. नव्या कायद्याने मालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढीचा हक्क दिला, नवे कर व करवाढ यांपुरते भाडे वाढविण्याची मुभा दिली आणि पूर्वी चोरटेपणाने चालणाऱ्या पगडीस मान्यता दिली. विदर्भाच्या दृष्टीने सर्वात मोठा बदल म्हणजे भाडेनियंत्रकाच्या परवानगीची पायरी गेली आणि मालक सरळ दिवाणी न्यायालयात जाऊ लागला. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर ती जागा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. साहजिकच रस्त्याकडेची जागा बँकेस द्यावी आणि आतल्या खोल्यांत जुना भाडेकरू तसाच राहावा, अशी विभागणी एकाच वाड्यात संभवू लागली.

त्याच कायद्याच्या कलम १४ ने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी निःसंदिग्धपणे मालकावर टाकली. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. अशा रीतीने त्याच भिंतीसाठी नगरपरिषदेचा दशांश आणि आयकराचे तीस टक्के यांच्या जोडीला भाडे कायद्याचा चतुर्थांश आला.

हे अपूर्णांक व्यवहारात काय देतात हे पाहण्यासाठी दरमहा २०० रुपये भाड्याच्या एका काल्पनिक जुन्या खोलीचा हिशेब मांडता येईल. वार्षिक भाडे २,४०० रुपये. नगरपरिषद दुरुस्तीपोटी २४० रुपये सोडून २,१६० रुपयांवर कर आकारील. मालकाने समजा ३०० रुपये कर भरला, तर आयकरासाठी उरलेल्या २,१०० रुपयांतून ६३० रुपये वजा होतील. भाडेकरूने स्वतः दुरुस्ती केल्यास तो वर्षाला ६०० रुपयांपर्यंत कापू शकेल. चार टक्के वाढीने मालकाच्या हाती वर्षाला ९६ रुपये, म्हणजे महिन्याला ८ रुपये अधिक येतील. यांपैकी कोणत्याही रकमेत आज गवंडी आणि मजूर लावून, साहित्य आणून एक भिंत नीट उभी करता येत नाही. भाडेकरूचा दोष नाही, कारण तो ठरलेले भाडे देतो. मालकाचाही नाही, कारण एवढ्यात काम होत नाही. तरीही पावसात पाणी गळतेच.

मोडकळीस आलेली इमारत

या स्थितीत मालकापुढे जो पर्याय उरतो तो काहीही न करण्याचा. १९६५ च्या अधिनियमाखाली धोकादायक इमारत सुरक्षित करण्याची वा पाडण्याची नोटीस नगरपरिषद देऊ शकते. दुसरीकडे, सक्षम प्राधिकरणाने इमारत पाडण्याचा आदेश दिला असल्यास तो भाडे कायद्याखाली जागेचा ताबा मिळविण्याचे एक कारण ठरतो. दुरुस्ती केली तर खर्च पदरी पडतो आणि भाडेकरू कायम राहतो. न केली तर कालांतराने ताबा मिळून रिकामा भूखंड हाती येण्याची शक्यता असते. सर्वच मालक असा हिशेब करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जो कायदा डागडुजी करणाऱ्याला तोट्यात आणि दुर्लक्ष करणाऱ्याला नफ्यात ठेवतो, त्याने सागवानी वाडे वाचावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. वारसा-जतनाच्या चर्चेत लोकांच्या अनास्थेला बोल लावला जातो. त्या अनास्थेचा काही भाग तरी करआकारणीच्या तक्त्यात शोधावा लागतो.

नव्या इमारतींचे जग यापासून दूर गेले आहे. तेथे अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो, एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरली जाते. व्यापारी गाळ्याचे भाडे मोठे असेल तर भाडेकरू संस्था उद्गम कर कापून घेते. वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. जिल्ह्यातील बहुसंख्य छोट्या मालकांना ही शेवटची मर्यादा लागू होण्याचा संभव कमीच. तथापि ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा घेणाऱ्या नोंदणीकृत भाडेकरूवर तो कर स्वतः भरण्याची जबाबदारी आली आहे. पूर्वी न विचारले जाणारे मालकाचे कागद त्यामुळे आता भाडेकरूच्या हिशेबनिसाकडून मागितले जाऊ लागले, तर नवल नाही.

जुन्या भाड्याची अडचण नेमकी तेथेच आहे. त्याला कागद नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ ने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि चूक करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजोबांनी तोंडी शब्दावर दिलेल्या खोलीचा करार कोणत्या तारखेचा लिहावयाचा? मूळ मालक नाही, मूळ भाडेकरू नाही, भाड्याच्या पावत्या कोणी जपलेल्या नाहीत. अशा वेळी दोन्ही बाजू नगरपरिषदेच्या करआकारणी नोंदवहीकडे धाव घेतात. तेथे मालकाच्या नावाशेजारी ‘भोगवटादार’ असा एक रकाना असतो. कराच्या वसुलीसाठी आखलेल्या त्या रकान्यात कोणा लिपिकाने लिहिलेले नाव हाच पुष्कळदा त्या भाड्याचा एकमेव लेखी पुरावा असतो. या नोंदवह्या जेथे टिकून आहेत तेथे त्यांचे वर्षवार वाचन केल्यास वऱ्हाडातील नगरांच्या सामाजिक इतिहासाला कापसाच्या भावांइतकेच मोलाचे साधन मिळू शकेल. त्याही बहुधा जुन्याच इमारतींत ठेवलेल्या आहेत.